हलवलेला रानपक्षी जंगलाच्या तुकड्यांतून वाट कशी काढतो, हे कसे तपासावे

एखादा रानपक्षी ओळखीच्या जंगलातून पकडून अनोळखी जागी नेऊन सोडला, की त्याच्यापुढे दोन प्रश्न एकदमच उभे राहतात: जायचे कुठे आणि कोणत्या वाटेने. सलग जंगलात पहिला प्रश्न मोठा असतो. पण जिथे जंगलाचे तुकडे पडलेले आहेत आणि त्या तुकड्यांच्या मध्ये शेते, कुरणे, रस्ते किंवा पाणी पसरलेले आहे, तिथे बहुधा दुसरा प्रश्नच पक्ष्याचे भवितव्य ठरवतो. या दुसऱ्या प्रश्नाचा अभ्यास प्रत्यक्ष कसा करावा, त्याची ही माहिती आहे. पक्ष्यांच्या पुनर्वसनाच्या कामात असणाऱ्यांना, वन्यजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आणि अशा प्रकल्पात मदतनीस म्हणून पहिल्यांदाच उतरणाऱ्यांना ती उपयोगी पडावी.

आधी एका शब्दाविषयी. मराठीत ‘स्थलांतर’ म्हटले की ऋतुमानानुसार पक्षी आपण होऊन करतात तो प्रवास डोळ्यांपुढे येतो. माणसाने पकडून दुसरीकडे नेऊन सोडण्याला येथे ‘स्थानांतर’ म्हटले आहे. हा भेद पाळावा, कारण स्थलांतर करणाऱ्या पक्ष्याच्या अंगात त्या प्रवासासाठी चरबी साठलेली असते आणि दिशेची ओढ जागी झालेली असते. स्थानांतरित पक्षी मात्र खोक्याचे झाकण उघडले की कोणत्याही तयारीविना नव्या मुलखात येऊन पडतो.

आधी प्रश्न पक्का करा

स्थानांतर दोन कारणांनी केले जाते आणि त्यांतून मिळणारी हालचाल अगदी वेगळ्या जातीची असते. पहिल्या प्रकारात स्वतःचा टापू (इतर पक्ष्यांपासून राखलेला मुलूख) असलेला पक्षी काही अंतरावर नेऊन सोडतात आणि तो घरी परत येताना कोणती वाट धरतो ते पाहतात. दुसऱ्या प्रकारात पक्षी कायमचा नव्या जागी वसावा म्हणून सोडलेला असतो. त्याला परत जायचे असो वा नसो, आपल्याला त्याचे भटकणे आणि स्थिरावणे पाहायचे असते. घरी परतणाऱ्या पक्ष्याला नेमके ठिकाण गाठायचे असते, म्हणून एरवी टाळला असता असा उघडा पट्टाही तो ओलांडू शकतो. नव्याने वसवलेला पक्षी चाचपडत असतो आणि एका तुकड्यात आठवडाभर घुटमळूही शकतो. पहिल्या प्रकारातला आकडा दुसऱ्या प्रकाराला जसाच्या तसा लावणे ही या क्षेत्रात वारंवार होणारी चूक आहे, आणि तिची किंमत पक्ष्यांना मोजावी लागते, म्हणून ती सुरुवातीलाच सांगितली.

परतीच्या प्रयोगाची सोय अशी की प्रत्येक पक्ष्याची इच्छा आपल्याला आधीच ठाऊक असते. जंगलातला पक्षी शेत ओलांडताना दिसला नाही, तर त्याला जमत नाही म्हणून, की गरज नाही म्हणून, हे नुसत्या निरीक्षणातून कळत नाही. स्थानांतराने ती गरज निर्माण होते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील क्युबेकमधील प्रयोगात ब्लॅक-थ्रोटेड ब्ल्यू वॉर्बलर, ओव्हनबर्ड आणि ब्लॅक-कॅप्ड चिकडी या तीन जातींचे टापूधारक नर १ ते ४ किलोमीटर अंतरावर नेऊन सोडले होते; मधल्या मुलखात जंगलाचे प्रमाण जितके जास्त, तितके परतणारे पक्षी जास्त आणि परतण्याचा वेळ कमी, असे दिसून आले. उडता येणाऱ्या प्राण्यालाही जमिनीवरचे आच्छादन इतके बांधून ठेवते, हे या प्रयोगाने स्पष्ट केले.

याहून टोकाचा प्रयोग पनामात झाला. कालव्यासाठी चाग्रेस नदी अडवून गाटुन सरोवर तयार झाले, तेव्हा बारो कोलोराडो ही टेकडी बेट बनली आणि पुढच्या दशकांत तिथल्या जंगलातल्या काही पक्षिजाती नाहीशा झाल्या. त्या परत का आल्या नाहीत हे तपासण्यासाठी संशोधकांनी जंगलातले पक्षी होडीतून नेऊन किनाऱ्यापासून १००, २०० आणि ३०० मीटरवर सोडले. काही जातींनी किनारा सहज गाठला. काहींना १०० मीटरही पार करता आले नाहीत. हे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. या पक्ष्यांना पंख होते, किनारा डोळ्यांसमोर होता, आणि तरीही तेवढे पाणी त्यांना भारी पडले, हे वाचून मी बराच वेळ थांबलो होतो. आपला पक्षी कोणत्या गटातला आहे हे गृहीत धरू नये, एवढा धडा त्यातून जरूर घ्यावा.

तुलना कशाशी करणार?

आराखड्यात तुलनेची जागा ठेवली नाही, तर शेवटी हातात फक्त गोष्टी उरतात. खंडित मुलखात नेलेले पक्षी उशिरा परतले, एवढ्याने काही सिद्ध होत नाही; तितक्याच अंतरावर, पण सलग जंगलात नेऊन सोडलेले पक्षी किती वेळात परतले हे माहीत असले पाहिजे. पकडण्याचा, खोक्यात ठेवण्याचा आणि टॅग (माग काढण्यासाठी पक्ष्याला बांधायचे छोटे यंत्र) बांधण्याचा त्रास दोन्ही गटांना सारखाच होतो, म्हणून उरलेला फरक मुलखाचा मानता येतो. टॅग बांधून पकडल्या जागीच सोडलेले काही पक्षीही असावेत. त्यांच्या वागण्यावरून टॅगचा आणि हाताळणीचा परिणाम ओळखता येतो.

नेण्याचे अंतर टापूच्या व्यासावरून ठरवावे. टापू दोनशे मीटरचा असेल आणि पक्षी चारशे मीटरवर सोडला, तर तो कदाचित ओळखीच्याच झाडीत उतरेल आणि स्मरणाने परतेल. टापूच्या कित्येक पट अंतर ठेवले, की मधला मुलूख त्याला नवा असण्याची शक्यता वाढते. नेण्याची दिशा मात्र आलटून पालटून ठेवावी. सगळे पक्षी एकाच बाजूला नेले, तर वाऱ्याचा, उताराचा किंवा एखाद्या रस्त्याचा परिणाम झाडीच्या परिणामात मिसळून जातो.

तुकड्यांची निवड करताना मधल्या जमिनीचे प्रकार वेगळे करावेत. दक्षिण चिलीतील चुकाओ टापाकुलो या जमिनीलगत राहणाऱ्या पक्ष्यावरचा २००६ चा प्रयोग या बाबतीत आदर्श म्हणता येईल. काही पक्षी चारी बाजूंनी उघड्या कुरणाने वेढलेल्या तुकड्यांत सोडले, काही दाट झुडुपांनी वेढलेल्या तुकड्यांत, आणि काही झाडीच्या पट्ट्याने जोडलेल्या तुकड्यांत. कुरणाने वेढलेल्या तुकड्यांतून बाहेर पडायला पक्ष्यांनी बराच जास्त वेळ घेतला, तर झुडुपे आणि जोडपट्टा या दोन्हींतून ते सारख्याच सहजतेने निघाले. येथे मोजमाप होते ते तुकडा सोडायला लागलेल्या वेळाचे. पक्षी पोहोचला की नाही एवढेच पाहिले असते, तर झुडुपांची ही उपयुक्तता कुणाच्या लक्षात आली नसती.

नकाशा पायी फिरून करा

पक्षी पकडण्याआधी मुलखाचा नकाशा तयार असला पाहिजे, आणि तो पक्ष्याच्या मापाचा असला पाहिजे. लँडसॅट उपग्रहाच्या चित्रातला एक चौकोन ३० मीटरचा असतो, सेंटिनेल-२ चा बारकाईचा चौकोन १० मीटरचा. कुरणाच्या कडेने गेलेली झाडांची एकेरी रांग, ओढ्याकाठची चार मीटर रुंद झाडी किंवा मोकळ्या जागेत उभे असलेले एकटे झाड अशा चित्रात बहुधा दिसतच नाही. छोट्या पक्ष्याची वाट मात्र नेमकी त्यांच्यावरूनच जाते. म्हणून उपग्रहाचे चित्र पाया म्हणून घ्यावे आणि दोन तुकड्यांमधली प्रत्येक उघडी जागा पायी फिरून नोंदवावी: तिची सर्वांत अरुंद ठिकाणची रुंदी, मधली एकटी झाडे, झुडुपांची उंची, पानगळीच्या काळात उरणारे आच्छादन, विजेच्या तारा, रस्त्यावरची वर्दळ, शिकारी पक्ष्यांच्या बसण्याच्या जागा.

या कामाला दोन-तीन आठवडे लागतात आणि ते कंटाळवाणे आहे. ते टाळणाऱ्याला पुढे पक्ष्याने केलेल्या वळशाचे कारण सापडत नाही.

कोणता पक्षी घ्यावा, कोणता घेऊ नये

संबंधित वन्यजीव विभागाचे परवाने आणि प्राणी हाताळणीविषयक नैतिक समितीची मान्यता यांशिवाय जाळे उघडू नये. वसवण्यासाठी स्थानांतर असेल, तर आययूसीएनची (आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाची) २०१३ ची मार्गदर्शक तत्त्वे आधी वाचावीत. मूळ ठिकाणची संख्या घटणार नाही ना, रोग वाहून जाणार नाहीत ना, ज्या कारणाने जात नाहीशी झाली ते कारण दूर झाले आहे का, हे प्रश्न त्यांत सविस्तर मांडलेले आहेत.

परतीच्या प्रयोगासाठी टापू धरून बसलेले, जोडी जमलेले नर सहसा घेतले जातात, कारण त्यांची परतीची ओढ सर्वांत पक्की असते. अंडी उबवणारा किंवा पिलांना भरवणारा पक्षी नेऊ नये. हातात घेतल्यावर पोटावरची पिसे फुंकर मारून बाजूला करावीत: तिथली त्वचा उघडी, लालसर आणि सुरकुतलेली असेल, तर तो पक्षी अंड्यांवर बसतो आहे, त्याला तिथेच सोडून द्यावे. तशीच फुंकर गळ्याखाली मारली, की तिथल्या खाचेतली पिवळसर चरबीही दिसते आणि पक्ष्याच्या प्रकृतीचा अंदाज येतो.

मिस्ट नेट (पक्षी पकडण्याचे बारीक धाग्याचे, सहज न दिसणारे जाळे) लावल्यावर दर वीस-तीस मिनिटांनी ते तपासावे, ऊन चढले किंवा पाऊस आला तर त्याहून लवकर तपासावे किंवा सरळ मिटून टाकावे. जाळ्यात पक्षी अडकून लटकत असतो, त्याचे प्रत्येक मिनिट मोलाचे असते.

टॅग

टॅगचे वजन, हार्नेससह (तो बांधण्याच्या पट्ट्यांसह), पक्ष्याच्या वजनाच्या ३ ते ५ टक्क्यांच्या आत ठेवण्याचा रिवाज आहे. माझ्या मते ५ टक्के ही गाठायची मर्यादा समजू नये; ३ टक्क्यांच्या आत राहता येत असेल, तर तिथेच राहावे. वीस ग्रॅमच्या पक्ष्याला ३ टक्के म्हणजे ०.६ ग्रॅम. एवढ्या वजनात साधा व्हीएचएफ रेडिओ टॅग (ठरावीक अंतराने रेडिओ संकेत सोडणारा, अँटेना आणि रिसीव्हरने ऐकता येणारा) मिळतो आणि त्याची बॅटरी काही आठवडे चालते. जीपीएस टॅग आता एक ग्रॅमच्या आसपास आले आहेत, पण लहान आकाराचे टॅग मोजक्याच नोंदी घेतात आणि त्या मिळवण्यासाठी बहुधा तोच पक्षी पुन्हा पकडावा लागतो. पक्षी परतला नाही, तर त्याची माहितीही परतत नाही. आणि आपल्याला तर न परतलेल्यांची माहिती सर्वांत जास्त हवी असते. म्हणून लहान पक्ष्यांसाठी अजूनही अँटेना हातात घेऊन चालण्याला पर्याय कमी आहेत. २०१४ पासून बर्ड्स कॅनडा या संस्थेने उभारलेल्या मोटस जाळ्यासारखी स्वयंचलित केंद्रे लांबच्या प्रवासाच्या नोंदी उत्तम देतात. एखादी दोन-तीनशे मीटरची उघडी जागा पक्ष्याने कुठून ओलांडली हे सांगायला मात्र जवळजवळ लावलेले रिसीव्हर किंवा माणूसच लागतो.

टॅग बांधण्याची १९९१ पासून रूढ झालेली पद्धत म्हणजे दोन्ही मांड्यांभोवती जाणारे पट्ट्याचे फासे, ज्यामुळे टॅग पाठीच्या खालच्या भागावर, शेपटीच्या मुळाजवळ बसतो. फासा इतका सैल असावा की टॅग बोटाने किंचित उचलता येईल, आणि इतका घट्ट असावा की तो बाजूला घसरणार नाही. दोन्ही बाजूंचे फासे सारखे आहेत ना, पिसे पट्ट्यावरून नीट बसली आहेत ना आणि अँटेनाची तार शेपटीच्या रेषेत आहे ना, हे पाहूनच हात सोडावा. पट्ट्यात काही महिन्यांत कुजून तुटणारा दुवा ठेवावा. बॅटरी संपल्यावर निरुपयोगी ओझे जन्मभर पक्ष्याच्या पाठीवर राहता कामा नये. जोडीला रंगीत कड्या पायात घालाव्यात, म्हणजे टॅग गळून पडला तरी दुर्बिणीतून ओळख पटते.

नेणे आणि सोडणे

हवा खेळणाऱ्या, अंधाऱ्या, तळाशी कापड अंथरलेल्या खोक्यात एकेक पक्षी वेगळा ठेवावा. अंधारात तो शांत राहतो. प्रवास लांबणार असेल, तर त्याच्या सवयीचे खाद्य आणि पाण्याची सोय हवी. सोडण्याची वेळ सकाळची असावी. दिवस मावळताना सोडलेल्या पक्ष्याला अनोळखी जागी रातनिवारा शोधावा लागतो आणि पहिल्या रात्रीचा धोका वाढतो. त्याला हवेत उडवू नये. खोके तुकड्याच्या मध्यभागी, दाट झाडीत, जमिनीवर किंवा सखल फांदीवर ठेवावे, झाकण उघडावे आणि मागे सरकावे. तुकड्याच्या कोणत्या कडेला तो जातो हे त्याचे त्याने ठरवलेले असले पाहिजे. आपण कडेवर सोडले, तर तो निर्णय आपणच घेतल्यासारखे होते.

वसवण्याच्या स्थानांतरात लगेच सोडणे आणि काही दिवस तिथल्याच पिंजऱ्यात ठेवून मग सोडणे, असे दोन मार्ग आहेत. दुसरा मार्ग नेहमीच बरा, असे मानू नये. काही जातींना बंदिवासाचा ताणच जास्त होतो. अमेरिकेतील रेड-कॉकेडेड सुतारपक्ष्यांची पद्धत मला या दोहोंमधली आणि फार समंजस वाटते: नर आणि मादी संध्याकाळी शेजारशेजारच्या तयार ढोलींत ठेवतात, तोंडाला जाळी लावतात आणि पहाटे दोघांचीही जाळी एकाच वेळी काढतात, म्हणजे जागे होताच घर आणि जोडीदार दोन्ही समोर असतात. न्यूझीलंडमध्ये कोकाको पक्षी सोडताना त्याच जातीची ध्वनिमुद्रित गाणी सोडण्याच्या जागी वाजवली गेली, ती त्यांनी जवळपास राहावे या हेतूने. आपल्या अभ्यासात असे काही केले असेल, तर ते सर्व पक्ष्यांसाठी सारखे करावे किंवा करण्या-न करण्याचीच तुलना ठेवावी. अर्ध्यांच्या बाबतीत चुकून राहून गेले, असे होऊ देऊ नये.

मागोवा: काठावर काय घडते ते टिपा

पहिले ४८ तास सर्वांत माहितीपूर्ण असतात आणि मृत्यूचे प्रमाणही सुरुवातीच्या दिवसांत जास्त असते, म्हणून या काळात एका पक्ष्यामागे एक माणूस हवा. दर पंधरा-वीस मिनिटांनी ठिकाण नोंदवावे. दोन किंवा तीन जागांवरून टॅगच्या संकेताची दिशा घेऊन ठिकाण काढताना दोन दिशांमधला कोन काटकोनाच्या जवळ असावा आणि दोन्ही दिशा काही मिनिटांच्या आत घेतलेल्या असाव्यात. अंतराचे भान ठेवावे: दिशेत ५ अंशांची चूक झाली, तर २०० मीटरवरून ती सुमारे १७ मीटरची होते आणि ५०० मीटरवरून जवळजवळ ४४ मीटरची. तीस मीटर रुंद उघडी जागा पक्ष्याने ओलांडली की नाही हे अर्ध्या किलोमीटरवरून सांगता येणार नाही. उलट फार जवळ गेले, तर पक्षी आपल्यामुळे हलतो आणि आपण आपलीच हालचाल मोजत बसतो. जातीनुसार योग्य अंतर सुरुवातीच्या काही पक्ष्यांवरून ठरवून घ्यावे आणि मग सर्वांनी ते पाळावे.

आता काठाविषयी. तुकड्याच्या कडेला झाडीत दडून बसले, की काही वेळाने रिसीव्हरमधली टिकटिक जोरात होते आणि पक्षी कडेच्या शेवटच्या झाडावर येतो. फांदीच्या टोकाला बसतो, मान वाकडी करून पलीकडे पाहतो, एकदा हाक देतो, आणि पुन्हा आत शिरतो. दहा मिनिटांनी तो वीस-तीस मीटर डावीकडे पुन्हा कडेवर आलेला असतो. असे तीन-चार वेळा होते. कडेकडेने सरकत सरकत तो ओढ्याच्या झाडीपाशी पोहोचतो आणि तिच्या आडोशाने, एका झुडुपावरून दुसऱ्या झुडुपावर, पलीकडच्या तुकड्यात जातो. नकाशावर सरळ रेषेत ऐंशी मीटर असलेली जागा त्याने चारशे मीटर फिरून आणि दीड तास घालवून पार केलेली असते. संध्याकाळच्या एका ठिकाणाच्या नोंदीत यातले काहीही दिसत नाही, ‘पक्षी दुसऱ्या तुकड्यात आढळला’ एवढेच दिसते.

म्हणून नोंदवहीत काठाच्या प्रत्येक भेटीला स्वतंत्र ओळ द्यावी: वेळ, जागा, समोरच्या उघड्या जागेची रुंदी, किती वेळ थांबला, परतला की गेला, गेला तर सरळ की वळसा घेऊन, किती उंचीवरून उडाला, जवळपास शिकारी पक्षी किंवा त्याच्याच जातीचा पक्षी होता का, वारा कसा होता. न ओलांडता मागे फिरणे ही ओलांडण्याइतकीच मोलाची नोंद आहे. माझ्या अनुभवात नवे मदतनीस नेमकी हीच ओळ गाळतात, कारण त्यांना वाटते की काही घडलेच नाही.

स्थानांतर करणे शक्य नसेल, तेव्हा काठावरचा हाच निर्णय दुसऱ्या मार्गानेही तपासता येतो. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या क्युबेकमधील अभ्यासात शिकाऱ्याला हुसकावताना चिकडी काढते त्या हाका वाजवून जंगलातल्या पक्ष्यांना बोलावले होते. ५० मीटर उघड्यावरून येण्यापेक्षा ५० मीटर झाडीतून येण्याची शक्यता दुप्पट निघाली. स्थानांतराआधी आपल्या मुलखात असा छोटा प्रयोग करून पाहिला, तर कोणत्या रुंदीच्या जागांवर लक्ष ठेवायचे याचा अंदाज येतो.

पक्षी हरवला तर

हरवलेला पक्षी मेला असे लिहू नये आणि दूर गेला असेही लिहू नये. शेवटच्या ठिकाणापासून वाढत्या वर्तुळांत शोध घ्यावा, उंच जागांवरून अँटेना फिरवावी, जमल्यास छोट्या विमानातून किंवा ड्रोनवरून ऐकावे. ग्राउस या कोंबडीवर्गीय कुळातले मोठे पक्षी स्थानांतरानंतर कित्येक किलोमीटर भटकतात, तेव्हा शोधाचा पल्ला जातीनुसार आधीच ठरवलेला असावा. टॅग सापडला, तर त्याची आणि आसपासच्या पिसांची अवस्था नीट पाहावी: पिसे मुळापासून उपटलेली असतील तर शिकारी पक्ष्याकडे बोट जाते, कुरतडलेली असतील तर सस्तन प्राण्याकडे. पट्टा अखंड आहे की तुटलेला, हेही लिहावे. आपल्याच टॅगमुळे पक्षी अडकून मेला असेल, तर ते अहवालात स्पष्ट नोंदवणे हे आपले कर्तव्य आहे. पुढच्या माणसाचा पक्षी त्यामुळे वाचू शकतो.

नोंदींचा अर्थ लावताना

विश्लेषणात एकक पक्षी असतो. एका पक्ष्याच्या तीनशे नोंदी म्हणजे तीनशे पुरावे नव्हेत. दहा पक्षी असतील तर पुरावे दहाच, आणि सांख्यिकी प्रतिकृतीत प्रत्येक पक्ष्याची वेगळी ओळख राखलीच पाहिजे.

तुकडा सोडायला किंवा घरी परतायला लागलेला वेळ जगण्या-मरण्याच्या कालावधीसाठी वापरल्या जाणाऱ्या पद्धतीने तपासावा. या पद्धतीत बॅटरी संपेपर्यंत तिथेच राहिलेला किंवा मध्येच हरवलेला पक्षी ‘निदान एवढा वेळ तरी गेला नाही’ अशा अपूर्ण नोंदीच्या रूपात हिशेबात राहतो. असे पक्षी वगळून सरासरी काढली, तर मुलूख आहे त्याहून सोपा भासतो.

वाटेसाठी टप्प्यांच्या निवडीची पद्धत उपयोगी पडते. पक्ष्याने प्रत्यक्ष घेतलेला प्रत्येक टप्पा आणि त्याच जागेवरून त्याला घेता आले असते असे दहा-वीस काल्पनिक टप्पे यांची तुलना करतात, आणि खऱ्या टप्प्यांत झाडी, झुडुपे, उघडी जमीन यांचे प्रमाण कसे वेगळे पडते ते पाहतात. त्यातून मुलखाच्या प्रत्येक प्रकाराला अडथळ्याची किंमत देता येते आणि मग कमीत कमी अडथळ्याची वाट किंवा, वीजप्रवाहाच्या कल्पनेवर आधारलेल्या सर्किटस्केपसारख्या साधनाने, अनेक शक्य वाटा एकत्र काढता येतात. अडथळ्याच्या किमती तज्ज्ञांच्या अंदाजाने भरण्याची प्रथा आहे. हातात खऱ्या पक्ष्यांच्या वाटा असताना तसे करण्याचे काही कारण नाही.

वसवलेल्या पक्ष्यांच्या बाबतीत भटकण्याचा आणि स्थिरावण्याचा काळ वेगळा काढावा. सोडलेल्या जागेपासूनचे अंतर दिवसांनुसार मांडले, की आधी वाढत जाणारी रेषा एका ठिकाणी सपाट होते. ती सपाट होण्याआधीच्या आणि नंतरच्या नोंदी एकत्र केल्या, तर शोधाशोधीतल्या वाटा रोजच्या चरण्याच्या वाटांत बुडून जातात.

निष्कर्ष जमिनीवर उतरवताना

अनेक जंगली छोट्या पक्ष्यांच्या बाबतीत उघड्या जागेची मर्यादा शंभर मीटरच्या आसपास येते. न्यूझीलंडच्या उत्तर बेटावरील रॉबिनच्या तरुण पक्ष्यांचा रेडिओने माग काढला, तेव्हा कुरणाचा शंभर मीटरच्या थोडा पुढचा पट्टा हीच जवळजवळ त्यांची मर्यादा ठरली. पण हा आकडा सर्वांना लावू नये. कोस्टा रिकातील ग्वानाकास्ते भागात, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या स्थानांतराच्या प्रयोगात, बार्ड अँटश्राइक हा जंगलाला चिकटून राहणारा पक्षी कुरण टाळून नदीकाठच्या झाडीतून लांबचा वळसा घेत परतला आणि जिथे अशी झाडी होती तिथे अधिक लवकर परतला. कुंपणाच्या झाडांची एकेरी रांग त्याला तेवढी कामाची ठरली नाही. त्याच प्रयोगातल्या, कुठेही जमवून घेणाऱ्या रूफस-नेप्ड रेनचे वागणे वेगळे होते. म्हणजे जोडपट्टा कोणासाठी करायचा, हे आधी ठरले पाहिजे.

सोडण्याची जागा निवडतानाही हेच ज्ञान वापरावे. तुकडा कितीही चांगला असला, तरी त्याच्या चारी बाजूंच्या उघड्या जागा त्या जातीच्या मर्यादेपलीकडच्या असतील, तर सोडलेले पक्षी तिथेच कोंडले जातील आणि त्यांची पिले वाढल्यावर त्यांना जायला वाट उरणार नाही. उलट बाजू अशी की चारही बाजू खुल्या असल्या, तर पहिल्याच आठवड्यात पक्षी पांगतील आणि जोड्या जमणार नाहीत. संख्या कमी असताना सुरुवातीला थोडा कोंडलेला तुकडा बरा आणि पिढी वाढू लागली की जोड द्यावी, असे माझे मत आहे, अर्थात तुकडा जोड्यांना पुरेल एवढा मोठा असेल तरच.

जोड देताना नोंदवहीतले काठाचे पान उघडावे. पक्षी पुन्हा पुन्हा कडेवर येऊन जिथून मागे फिरले, त्या जागा नकाशावर ठिपक्यांनी दाखवाव्यात. ठिपक्यांची दाटी जिथे होते, तिथे लागवडीची पहिली रोपे जावीत, आणि तीही स्थानिक, खालपासून फांद्या फुटणाऱ्या झुडुपांची, कारण ती काही वर्षांतच आडोसा देऊ लागतात, झाडांना त्याहून बराच अधिक काळ लागतो. झुडुपे डोक्याएवढी झाली, की त्याच तुकड्यात, त्याच ऋतूत, तितकेच पक्षी पुन्हा सोडावेत आणि तीच वही घेऊन त्याच काठावर बसावे.